ताईंना नंबर नाही

इंदूरच्या विजय नगर चौकात सिग्नल लाल असेपर्यंत मान वर केली, तर निदान चार समाजसेवी दिसतात. एक युवा, एक वरिष्ठ, एक सुप्रसिद्ध आणि एक नुसताच हात जोडलेला. वाढदिवस एकाचाच असतो, बाकीचे शुभेच्छुक.

इंग्लंडमध्ये लोकांना फसवण्याच्या हेतूनं कुणी स्वतःला ‘सोशल वर्कर’ म्हणवलं आणि ‘सोशल वर्क इंग्लंड’ या नियामकाच्या यादीत त्याचं नाव नसलं, तर तो गुन्हा ठरतो. हा कायदा इंदूरला आणला तर महापालिकेला फ्लेक्स उतरवायला माणसं पुरायची नाहीत, आणि निम्म्या वॉर्डाचे वाढदिवस जेलमध्ये साजरे करावे लागतील.

पण फ्लेक्सवरचा समाजसेवी निरुपद्रवी असतो. फार तर रात्री अकरानंतर डीजे वाजवतो. प्रश्न आहे तो पगारी समाजकार्यकर्त्याचा. म्हणजे बहुतेक वेळा ‘ती’चा. बालगृहातली ताई, हॉस्पिटलच्या काउंटरमागे बसून बिलात सवलत कुणाला द्यायची ते बघणारी ताई, कंपनीच्या सीएसआरचे पैसे घेऊन वस्तीत जाणारी ताई. समोर मूल असतं, मार खाल्लेली बाई असते, घरच्यांनी सोडलेला म्हातारा असतो. त्यांच्या आयुष्याचा निर्णय हिच्या एका अहवालावर फिरतो. आणि ही कोण, काय शिकली, आधीच्या नोकरीतून का गेली, हे सांगणारी वही या देशात अजून नीट उघडलेलीच नाही.

वह्यांची आपल्याकडे टंचाई आहे असं कुणी समजू नये. संस्था काढायची तर मध्य प्रदेशात 1973 चा सोसायटी नोंदणी कायदा आहे. देणगीदाराला करसवलत हवी तर आयकर खात्याची मान्यता. सरकारी योजना हवी तर नीती आयोगाचं दर्पण पोर्टल. परदेशातून पैसा हवा तर एफसीआरए, आणि त्यासाठी खातं थेट दिल्लीत, स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. कंपन्यांचा सीएसआर निधी हवा तर 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 हा फॉर्म भरून आणखी एक नंबर. बालगृह चालवायचं तर 2015 च्या बालन्याय कायद्याखाली नोंदणी. ती नसेल तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा किमान एक लाखाचा दंड, किंवा दोन्ही.

थोडक्यात, पैशाला नंबर, इमारतीला नंबर, खात्याला नंबर, पावतीला नंबर. ताईंना नंबर नाही.

बाकीच्या पेशांची हजेरी घेऊ. परिचारिका परिषदेचा कायदा 1947 चा. फार्मासिस्टचा 1948 चा. वकिलांचा 1961 चा, वास्तुविशारदांचा 1972 चा. 1984 मध्ये तर पशुवैद्यांच्याही परिषदेचा कायदा झाला. म्हणजे गाईला हात लावणारा नोंदणीकृत हवा, याबद्दल संसदेला शंका नव्हती. मुलाच्या डोक्यावर हात ठेवणाऱ्याबद्दल विचार चालू आहे. तो बराच काळ चालू आहे. समाजकार्याचं रीतसर शिक्षण मुंबईत 1936 मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या शाळेत सुरू झालं, ज्याची पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. व्यावसायिक समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय परिषदेच्या विधेयकाचा मसुदा 1993 मध्ये तयार झाला. त्या वर्षी जन्मलेलं मूल एमएसडब्ल्यू होऊन, नोकरीला लागून, कंटाळून बँकेच्या परीक्षेला बसूनही मोकळं झालं. मसुदा अजून मसुदाच आहे.

आता कुणी म्हणेल, वहीत नाव लिहिलं म्हणून माणूस सज्जन होतो का? अजिबात नाही. नोंदणीकृत डॉक्टरांनी आणि वकिलांनी या शंकेला पुरेसे पुरावे दिलेले आहेत. वहीचा उपयोग नाव लिहिण्यापेक्षा नाव खोडण्यासाठी जास्त असतो. जिथं लिहिलंच नाही, तिथं खोडणार काय?

जानेवारी 2024 मध्ये आमच्याच विजय नगर भागातल्या एका बालसंस्थेला प्रशासनानं टाळं ठोकलं. मुलींनी मारहाणीचे, छळाचे आरोप केले, संस्थेनं ते फेटाळले. कर्मचाऱ्यांवर पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. खरंखोटं ठरवणं न्यायालयाचं काम. पण तेव्हा चर्चा कसली झाली? संस्थेची नोंदणी बालन्याय कायद्याखाली होती की नव्हती, याची. ती व्हायलाच हवी. फक्त आत मुलींजवळ रात्रंदिवस राहणारी माणसं कोणत्या वहीत होती, हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच्या तीन वर्षं आधी, 29 जानेवारी 2021 ला, देशातल्या सर्वांत स्वच्छ शहराच्या, म्हणजे आमच्याच, महापालिकेनं बेघर म्हातारी माणसं गाडीत भरून देवासच्या रस्त्यावर क्षिप्रा गावाजवळ उतरवली. गावकरी संतापले, कुणीतरी व्हिडिओ काढला, मग त्यांना परत गाडीत चढवलं. एक उपायुक्त निलंबित झाले आणि दोन कंत्राटी कर्मचारी घरी गेले. बेघरांना हलवणं हे खरं तर समाजकार्यकर्त्याचं काम. आम्ही ते अतिक्रमण हटवण्याच्या हातानं केलं. त्या गाडीत एक जरी माणूस असा असता, की ‘साहेब, हे केलं तर माझी सनद जाईल’ असं म्हणू शकला असता, तर गाडी निघाली असती का? वकील म्हणू शकतो, सीए म्हणू शकतो. कंत्राटी माणूस काय म्हणणार? ‘डिझेल किती भरू?’

गंमत बघा. त्याच्या पुढच्याच महिन्यात, 27 फेब्रुवारी 2021 ला, न्यूझीलंडमध्ये समाजकार्यकर्त्यांची नोंदणी सक्तीची झाली. तोवर तिथं 2003 च्या कायद्यानुसार ती ऐच्छिक होती. मग त्यांच्या लक्षात आलं की ऐच्छिक शिस्त ही ज्याला तिची गरज नसते तोच पाळतो. आता तिथल्या मालकाला नोंदणी नसलेला माणूस समाजकार्यकर्ता म्हणून ठेवता येत नाही. आणि खरी मेख पुढेच आहे. आपल्या नोकरीतल्या समाजकार्यकर्त्यानं गंभीर गैरवर्तन केलंय असं वाटायला सबळ कारण असेल, तर मालकानं ते नोंदणी मंडळाला कळवलंच पाहिजे.

म्हणजे नोंदणी होते कामगाराची, आणि बांधला जातो मालक. आपल्याकडे मसुदा का हलत नाही, याचं निदान एक कारण शोधायला समिती नेमायची गरज नाही.

आपल्या एखाद्या संस्थाचालकांसमोर विषय काढून बघा. ते आधी डोळे मिटतील. मग म्हणतील, ‘‘अहो, सेवेला कसलं रजिस्ट्रेशन? सिंधुताई सपकाळांकडे होती का एमएसडब्ल्यू?’’ नव्हती. अनाथांच्या या माई चौथीपर्यंत शिकलेल्या. पण माईंचं नाव घेणाऱ्या या साहेबांनी दोन्ही हातांनी वाचवलेली गोष्ट म्हणजे पगार. माई मिळत नाहीत, म्हणून कुणालाही ठेवायचं, आणि ‘कुणालाही’ ठेवलंय म्हणून कितीही कमी द्यायचं. शिवाय अनुभवी माणसाला डावलायचं असं कायद्यात कुठे म्हटलंय? न्यूझीलंडनंही पदवी नसलेल्या पण वर्षानुवर्षं काम केलेल्यांसाठी अनुभवाची वाट ठेवली. वस्तीत वीस वर्षं घालवलेली बाई त्या वाटेनं मानानं आत येईल. अडेल ती चेअरमन साहेबांची भाची, जिला लग्न ठरेपर्यंत काहीतरी ‘सोशल’ करायचंय.

मालकांची खरी दुखणी तीन.

पहिलं दुखणं भरतीचं. आज जाहिरात येते : एमएसडब्ल्यू किंवा कोणताही पदवीधर, स्वतःची दुचाकी आवश्यक, एक्सेल उत्तम. दुचाकीला नंबर लागतो, हे निदान मान्य आहे. नोंदणी आली की ‘किंवा कोणताही पदवीधर’ खोडावं लागेल, आणि ते खोडलं की पगाराचा आकडाही बदलावा लागेल.

दुसरं दुखणं सहीचं. शिबिराला चाळीस बायका आल्या आणि अहवालात चारशे हव्यात, असा प्रसंग संस्थांच्या जगात अगदीच अपरिचित नाही. आज ताई सही करते, कारण घरभाडं आहे. उद्या ती म्हणू शकेल की माझी आचारसंहिता तुमच्या सर्क्युलरच्या वर आहे. एका पगारदाराच्या तोंडचं हे वाक्य ऐकून कुठल्या मालकाला झोप लागेल?

तिसरं दुखणं अनुभवपत्राचं. ज्याच्याबद्दल तक्रारी आल्या त्याला संस्था गुपचूप राजीनामा द्यायला सांगते आणि ‘त्यांच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा’ असं लेटरहेडवर लिहून देते. ते भविष्य मग स्कीम 54 या वसाहतीतून निघून स्कीम 78 मधल्या संस्थेत रुजू होतं. तिथंही मुलं असतातच.

कायद्यानं पाठीशी उभं राहिल्यावर काय होतं, हे पाहायला न्यूझीलंडलाही जायला नको, पीथमपूरच्या कारखान्यांपर्यंत जा. 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 49 नं 500 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. त्याची पात्रता सरकार ठरवणार, आणि समाजकार्याची पदवी त्यात धरली गेली. अनेक राज्यांच्या नियमांनी तर श्रम आयुक्तांच्या संमतीवाचून त्याला काढता येणार नाही अशीही तजवीज केली. मालकाचा पगार घेऊन मालकाला टोकणारा माणूस! मालक हुशार. त्यांनी भांडण केलं नाही. त्याला एचआरच्या केबिनमध्ये बसवलं, कँटीनचं कंत्राट आणि वार्षिक संमेलन दिलं, आणि हळूहळू तो विसरला की आपण कुणाचे. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेनं ही मर्यादा 250 कामगारांवर आणली आहे. केबिन वाढतील.

तेव्हा नुसत्या कायद्यावर भाबडी श्रद्धा नको. कायदा करणाऱ्यांनाच समाजकार्य म्हणजे काय याची किती खात्री आहे, बघा. बालन्याय मंडळावर दंडाधिकाऱ्यांसोबत दोन ‘सामाजिक कार्यकर्ते’ बसतात. त्यांची पात्रता काय? मुलांच्या क्षेत्रात सात वर्षं काम, किंवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र वा कायदा यांतली पदवी असलेला व्यावसायिक. समाजकार्याची पदवी यादीत नाही. सामाजिक कार्यकर्त्याच्या खुर्चीवर वकील पदवीच्या जोरावर बसेल, एमएसडब्ल्यूवाल्यानं आधी सात वर्षं दाखवावीत.

अर्धी वही मात्र उघडली आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनोविकार समाजकार्यकर्त्याची व्याख्या केली आणि त्यांची नोंद ठेवायचं काम राज्य प्राधिकरणावर टाकलं. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यानं वैद्यकीय, मनोविकार आणि क्लिनिकल समाजकार्यकर्त्यांना आपल्या यादीत घेतलं. राज्यांनी परिषदा स्थापायच्या होत्या. त्या रेंगाळल्या, आणि ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.

विजय नगरला याचा अर्थ चांगला कळायला हवा, कारण इथं चौकाचौकाला मोठं हॉस्पिटल आहे. उद्या सोशल वर्करच्या टेबलावर रिसेप्शनच्या मुलीला ‘जरा बस’ म्हणता येणार नाही. शेजारच्या महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, आणि रुग्ण खरंच गरीब आहे का ते तपासण्याचं काम वैद्यकीय समाजकार्यकर्त्याकडे आहे. पगार देणारं हॉस्पिटल, आणि हॉस्पिटलच्या गल्ल्यातून पैसे सोडायचे हिनं! या खुर्चीला नोंदणीचा आधार नसेल तर ती खुर्ची बिलिंग विभागाचीच शाखा होणार.

पण हॉस्पिटलच्या दाराबाहेर वही पुन्हा मिटते. तीच ताई, तीच पदवी. आत वॉर्डात उभी राहिली तर नोंदणीला पात्र, रस्ता ओलांडून बालगृहात गेली तर पुन्हा ‘सेवाभावी’.

संसदेला सवड होईल तेव्हा होवो. तोवर विजय नगरातल्या संस्थाचालकांना, सीएसआरवाल्यांना तीन गोष्टी उद्या सकाळपासून करता येतील, कुठलाही फॉर्म न भरता. नेमणूकपत्रात पात्रता लिहा आणि तिच्याप्रमाणे पगार द्या. खोट्या अहवालावर सही नाकारल्याबद्दल कुणाला काढणार नाही, असं त्याच पत्रात लेखी द्या. आणि सोडून जाणाऱ्याच्या अनुभवपत्रात खरं लिहा. पहिलीला पैसा लागतो, तो देणगीदाराकडून मागता येईल. दुसरीला धीर लागतो, तो एखाद्या विश्वस्ताकडे सापडेलही. तिसरी फुकट आहे आणि आजच होण्यासारखी आहे. तेव्हा ती कोणी करणार नाही.