ओंकारेश्वर-दर्शनाची शास्त्रोक्त पद्धत

मध्य प्रदेशाच्या खंडवा जिल्ह्यात, नर्मदेच्या पात्रात मांधाता नावाचे बेट आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी ओंकारेश्वर या बेटावर. बेटाचा आकार ॐ सारखा आहे, असे सांगतात. काठावरून तो कोणालाच दिसत नाही. तरी नावाडी हात लांब करून दाखवत असताना ‘हो, दिसला की!’ म्हणण्याची रीत आहे.

उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर ही तिन्ही ठिकाणे दोन दिवसांत उरकण्याची मराठी सहल-परंपरा आहे. तीत महाकालाला भस्मारती मिळते, अहिल्याबाईंच्या महेश्वरात साडीखरेदी होते आणि ओंकारेश्वराला मधली दुपार मिळते. दुपारी फरशी तापलेली असते, त्यामुळे भाविकांची पावले आपोआप झपाझप पडतात.

बेटावर जायला पूल आहेत. पुलाला पैसे पडत नाहीत, म्हणून नावेतून जावे. सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावरून घासाघीस सुरू करावी, मधल्या आकड्यावर ‘नर्मदे हर’ म्हणून मिटवावी आणि पलीकडे उतरल्यावर शेजारच्या कुटुंबाने किती दिले, हे चुकूनही विचारू नये. घाटावर परिक्रमावासी भेटल्यास ‘चला की वर दर्शनाला’ असा आग्रह करणे हा अडाणीपणा होय. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते. ती पुरी होईपर्यंत तो बेटावर येत नाही. एवढे चालून आलेला माणूस काठावरूनच हात जोडतो, हे सहलीच्या गणितात न बसणारे प्रकरण आहे.

गाभाऱ्यात खरी परीक्षा असते. पिंड घडवलेली नाही, ओबडधोबड नैसर्गिक पाषाण आहे. शिवाय ती शिखराच्या बरोबर खाली नसून बाजूला आहे. त्यामुळे नाकासमोर पाहून भक्तिभावाने डोळे मिटणाऱ्याचा नमस्कार भिंतीला पोचतो. डोळे उघडेपर्यंत मागून ‘चलो, आगे चलो’ येते आणि दर्शन झाले असे धरले जाते. सभामंडपाचे कोरीव खांब परतताना आधाराला उपयोगी पडतात.

रात्री मुक्काम असेल तर शयनआरती गाठावी. महादेव-पार्वतीसाठी येथे चौपट मांडून, शेज घालून दार लावतात. सकाळी सोंगट्या विस्कटलेल्या असतात, अशी श्रद्धा आहे. कोण जिंकले, हे पुजाऱ्याला विचारू नये. घरोघरी उत्तर एकच असते.

ज्योतिर्लिंग नेमके कोणते, बेटावरचे की दक्षिण काठावरचे ममलेश्वर, हा जुना वाद आहे. तो सोडवत बसू नये, दोन्हीकडे जावे. बेटाची परिक्रमा सात-आठ किलोमीटरची. वाटेत सिद्धनाथाच्या भग्न मंदिराच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे. माणसांची रांग तेथे नसते, म्हणून सहलीचा मार्गदर्शक तिकडे नेत नाही. २०२३ पासून उभा असलेला शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा मात्र सर्वांच्या फोनमध्ये येतो.

ममलेश्वराच्या भिंतीवर इ. स. १०६३ मध्ये कोरलेली शिवस्तोत्रे आहेत. ती पाहायला पास लागत नाही.