अंगवस्त्राची जमाबंदी

मनुष्याच्या अंगावरचे वस्त्र हे लज्जारक्षणासाठी, शीतनिवारणासाठी आणि शेजारी पाहत असतील तर वैभवप्रदर्शनासाठी असते, अशी आमची आजवरची भाबडी समजूत होती. परंतु नेसूच्या धोतराने आणि अंगातल्या सदऱ्याने यापुढे स्वस्थ न बसता धन्याच्या प्रत्येक हालचालीतून वीज उत्पन्न करावी, असा दंडक विज्ञानाने घातला असून, ज्यांची सारी हयात आरामखुर्चीत गेली अशा आमच्यासारख्या गरीब रयतेच्या पोटात त्यामुळे गोळा उठला आहे.

या प्रकरणाचे मूळ दफ्तर पॅरिसमध्ये सापडते. झाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी 1880 साली काही स्फटिक दाबून पाहिले, तेव्हा त्यांच्या पृष्ठभागावर विद्युत्‌भार प्रकट झाला. आणि वरून दाब आल्याखेरीज काही द्यायचे नाही, हा जो धर्म आम्ही केवळ कचेरीतच पाहिला होता, तो निर्जीव स्फटिकही निष्ठेने पाळतात हे सिद्ध झाले. पुढे 2008 साली अमेरिकेत, जॉर्जिया टेकमधील झोंग लिन वांग आणि त्यांचे सहकारी यांनी केवलारच्या धाग्यांवर झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म तारा बाटली घासण्याच्या ब्रशासारख्या उगवविल्या, त्यांपैकी एका धाग्याला सोन्याचा मुलामा दिला, आणि दोन धागे एकमेकांवर घासून वीज काढली. अडचण एवढीच की झिंक ऑक्साइडला ओलावा सोसत नाही. सदरा अंगात घालावा, हालवावा, झुलवावा, पण परटाकडे म्हणून देऊ नये, ही अट आम्ही विद्यार्थिदशेत विजेच्या लोभावाचूनही तंतोतंत पाळली होती.

स्वीडनमध्ये गोथेनबर्ग येथील चाल्मर्स विद्यापीठाने 2018 साली ही उणीवही दूर केली. त्यांच्या प्लास्टिकच्या दाबविद्युत् धाग्याचे कापड भिजले असता उलट अधिकच कामसू होते. त्याचा पट्टा संगणकाच्या पिशवीला लावून ती खांद्यावर घेतली आणि झपझप चालले, की विजेचा अखंड ओघ सुरू होतो. हा ओघ किती, तर 4 मायक्रोवॅटपर्यंत. आम्ही पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. भ्रमणध्वनीच्या पोटात साधारण 15 वॅट-तास वीज मावते असे धरले, तर ते पोट या पट्ट्याने भरण्यास साडेसदतीस लाख तास, म्हणजे सुमारे 428 वर्षे लागतात. अर्थात ज्याला 2018 साली आपल्या मेहुण्याशी चार शब्द बोलायचे होते, त्याने 1590 साली, पैठणास एकनाथमहाराज हयात असताना, पिशवी खांद्याला अडकवून चालू लागणे आवश्यक होते, आणि वाटेत पाणी प्यायलासुद्धा थांबून चालले नसते.

यात त्या संशोधकांची कसूर नाही. त्यांनी हातातले घड्याळ, खिशातले गणकयंत्र, फार तर एखादा चिमुकला दिवा, एवढ्याच गोष्टी नम्रपणे सांगितल्या होत्या. अशा वार्तांवर ‘आता चालता चालता फोन भरा’ असा मथळा चढविणारे लोक आमच्याच व्यवसायातले. त्यांना विजेचे माप ठाऊक नसले तरी रकान्याचे माप अचूक ठाऊक असते.

वीज फुकट मिळते हा तर त्याहून गोड भ्रम आहे. ती पट्ट्यातून निघत नाही, आपण खाल्लेल्या भाकरीतून निघते. पट्टा हा केवळ मधला वसुलीकामगार. स्वस्थ पडलेला मनुष्यदेह सुमारे 80 वॅट उष्णता आसमंतात उधळीत असतो, म्हणजे झपझप चालणाऱ्याच्या पट्ट्यात जमा होणाऱ्या विजेच्या दोन कोटी पट ऐवज आम्ही डोळे मिटून, कोणाची पावती न घेता, जगाला दान करतो. पण सरकारदरबारी पडून राहण्याची नोंद कोणत्या सदरी घेणार? उद्या हालचालींची जमाबंदी झाली, तर पहाटे फिरावयास जाणारे सेवानिवृत्त सद्गृहस्थ बडे खातेदार ठरतील, भजनी मंडळींना टाळ कुटल्याबद्दल सूट मिळेल, आणि दुपारी वामकुक्षी घेणाऱ्याच्या उशाशी मामलेदार, तलाठी व दोन पंच उभे राहून, थकबाकीपोटी त्याच्या अंगावरील धोतराचा जप्तीपंचनामा लिहू लागतील. धोतर स्थावर की जंगम, असा वाद वकिलांनी काढलाच, तर आमच्या बाबतीत ते स्थावर आहे, अशी साक्ष घरातील मंडळी विनामोबदला देतील.

हा लेख येथवर आला असता तो आमच्या खांद्यावरून वाचला गेला. ‘वीज राहू द्या, एवीतेवी खांद्याला काही अडकवून चालायचेच आहे, तर हे दळण तेवढं घेऊन या,’ असे फर्मान सुटले. पिशवीत गहू पाच किलो आहेत, पट्टा साधा सुती आहे, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेली गिरणी, चौकशीअंती असे कळते की, वीज नसल्यामुळे सकाळपासून बंद आहे.