घर रिकामं करून देण्याबाबत

प्रति,
सूचनापत्रक-लेखक महोदय,
ढेकूण निर्मूलन (उष्णता उपचार) विभाग

विषय : उपचारापूर्वी ग्राहकाने करावयाची तयारी
संदर्भ : आपले दोन्ही बाजूंनी छापलेले पत्रक

स.न.वि.वि.

आपलं पत्रक पोचलं. कागद गुळगुळीत आहे, छपाई चाररंगी आहे आणि मुखपृष्ठावरच्या घराचा फोटो पाहून आमच्याकडे सगळ्यांनाच बरं वाटलं. एक पलंग, एक दिवा, एक खिडकी, खिडकीबाहेर हिरवळ. ‘या घरात ढेकूण लपणार तरी कुठे गं?’ असं सासूबाईंनी विचारलं. मलाही तेच विचारायचं होतं, म्हणून हे पत्र.

पहिलीच सूचना अशी : ‘उपचाराच्या आदल्या दिवशी घर रिकामे करून द्यावे.’ महोदय, माहीममधल्या पागडीच्या, उपकरप्राप्त, टेकूंवर उभ्या असलेल्या इमारतीत असं वाक्य छापलेला कागद उघड्यावर ठेवायचा नसतो. हे वाक्य आमच्याकडे याआधी घरमालकाच्या वकिलाकडून आलंय, म्हाडाच्या नोटिशीतून आलंय आणि पुनर्विकासवाल्या बिल्डरच्या तोंडून, चहा पिता पिता, फार गोड आवाजात आलंय. आम्ही कुणालाच दाद दिलेली नाही. आपलं पत्रक टीपॉयवर पाहून शेजारचे काका पांढरेफटक पडले. ‘ढेकणांचं आहे हो,’ एवढं म्हटलं असतं तर त्यांचा जीव भांड्यात पडला असता. पण तसं म्हणायची सोय नाही. का नाही, ते पुढे येईलच.

आपल्या शास्त्राबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच नोंदवते. फवाऱ्याचे दिवस गेले, हे आम्हालाही कळतं. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधल्याबद्दल पाउल म्युलर यांना 1948 साली नोबेल मिळालं. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण हवाई बेटांवर त्याच्या आदल्याच वर्षी सापडले होते. म्हणजे पुरस्कार समितीपेक्षा ढेकूण वर्षभर पुढे होता. पुढच्या औषधांचंही त्याने तेच केलं. उष्णतेला मात्र त्याच्याकडे उत्तर नाही. 45 अंश सेल्सिअसला मोठा ढेकूण साधारण दीड तासात संपतो. अंडी चिवट. ती 45 अंशांत सात तासही तग धरतात, 48 ला सव्वा तासाच्या आसपास हार मानतात, आणि 50 च्या वर कुणाचीच धडगत नाही. म्हणून आपण खोली 55-60 अंशांवर नेता, पंखे लावून ती धग कोपऱ्याकोपऱ्यात ढकलता आणि गादीचा गाभा पन्नाशी ओलांडेपर्यंत तासन् तास वाट पाहता. हे सगळं पटलं. सांताक्रूझच्या वेधशाळेतला आजवरचा उच्चांक 42.2 अंशांचा, 14 एप्रिल 1952 चा. म्हणजे ज्या दिवशी अख्खी मुंबई भाजून निघाली, त्या दिवशीही ढेकूण गादीत सुखरूप होता. माहीमच्या उन्हाळ्यात मरायला होतं ते फक्त माणसांना.

आमच्या आजेसासूबाईंना यातला एकही आकडा ठाऊक नव्हता. त्या मे महिन्यात लोखंडी खाट गॅलरीत उभी करायच्या, कोपरे दाणदाण आपटायच्या आणि सांध्यासांध्यांत उकळतं पाणी ओतायच्या. गाद्या गच्चीवर. उरल्यासुरल्यांसाठी रॉकेल, नाहीतर टिक-20 ची बाटली. त्या काळी हे सगळं चारचौघांत चालायचं. खाट आपटल्याचा आवाज ऐकून शेजारीण आपलीही खाट बाहेर काढायची आणि मजल्यावर एकच दणदणाट व्हायचा. मग खाटा गेल्या आणि दिवाण आले.

दिवाणाबद्दल आपल्या पत्रकात एक अक्षर नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. महोदय, मुंबईतल्या घराचं तळघर म्हणजे दिवाण. आमच्या दिवाणाच्या पोटात पाहुण्यांच्या गाद्या, गणपतीचं मखर, इडलीपात्र, मुलीची दहावीपासूनची पुस्तकं आणि सासूबाईंनी जुन्या नऊवाऱ्यांच्या शिवलेल्या गोधड्या आहेत. डोक्याकडच्या फळीला एक स्क्रू कित्येक वर्षं नाही. त्या भोकात टॉर्च मारून मी केसातली पिन फिरवून पाहिली. आधी वाळलेले काळे ठिपके निघाले, मग टाकून दिलेल्या कातींची पारदर्शक सालपटं, मग मसुराच्या दाण्याएवढे, उजेडाने गोंधळलेले दोघे-तिघे. सगळ्यांत आत, लाकडाला चिकटून, जेमतेम मिलिमीटरभर लांबीची पांढुरकी अंडी. एक मादी दिवसाला एक ते पाच घालते म्हणे. हे एका भोकातलं. दिवाणाला भोकं किती, ते सुतारालाच माहीत.

आता आपली यादी. ‘पाळीव प्राणी घराबाहेर न्यावेत.’ सध्या आमच्याकडे पाळीव असे फक्त तेच आहेत; त्यांना बाहेर न्यावं म्हणूनच आपल्याला फोन केला. ‘ज्वालाग्राही वस्तू, मेणबत्त्या, औषधे, सौंदर्यप्रसाधने, वाद्ये व मौल्यवान चित्रे हलवावीत.’ सिलिंडर हलवला. कापूर हलवला. सासूबाईंचं इन्सुलिन ज्या फ्रिजमध्ये असतं तो फ्रिज कुठे हलवायचा, ते लिहा. आमच्या ह्यांच्या हार्मोनियमचा भाता सरसाने चिकटवलेला आहे. 60 अंशांवरून उतरल्यावर ती काळी चारमध्ये राहील की नाही, याची ह्यांना ढेकणांहून जास्त काळजी लागली आहे. मौल्यवान चित्रं नाहीत. सासऱ्यांचा हार घातलेला फोटो आहे, त्याच्या चौकटीमागे एक कुटुंब सापडलंय. माहीम हलव्याचा पुडा पाहुण्यांसाठी आणून ठेवला होता, तो तेवढा आम्ही खाऊन हलवला.

भाडेपावत्यांबद्दल स्वतंत्र सूचना हवी होती. पागडीच्या घरात माणूस हरवला तर चालतो, पावती हरवता कामा नये. आजेसासऱ्यांपासूनच्या सगळ्या पावत्या एका पत्र्याच्या पेटीत आहेत. त्या कागदांच्या घडीत काय वस्तीला आहे ते मी पाहिलं, आणि पेटी बंद केली. ही पेटी घरात ठेवावी तर कागद तडकायचे, बाहेर न्यावी तर त्यातली वस्ती नव्या पत्त्यावर जायची.

इथेच आपल्या पत्रकाची खरी गंमत आहे. पुढच्या पानावर ‘घर रिकामे करावे’ आणि मागच्या पानावर ‘कोणतीही वस्तू घराबाहेर नेऊ नये, अन्यथा प्रादुर्भाव पसरेल.’ दोन्ही सूचना आपापल्या जागी बरोबर आहेत, हे मला समजतं. जळेल-वितळेल ते बाहेर. ढेकूण असेल ते आत, मोकळं, सुटं, हवा खेळेल असं. पण हे ‘सुटं’ कुठे पसरायचं? दहा बाय पंधराच्या खोलीत लॉफ्टवरचं सगळं खाली काढून कपाटं उघडी टाकली, गाद्या उभ्या केल्या आणि गोधड्यांची घडी मोडली, तर आपला हीटर ठेवायला आपल्या माणसाला दाराबाहेर उभं राहावं लागेल. कपडे 60 अंशांच्या पाण्यात धुवून ड्रायरमध्ये अर्धा तास फिरवा, असंही आपण सुचवता. आमचा ड्रायर म्हणजे गॅलरीतली दोरी. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे मात्र कोळशाची इस्त्री आहे, आणि ती शिवणीवरून नीट दाबून फिरवली तर अंड्यांसकट काम होतं. हे आपल्या पत्रकात घालायला हरकत नाही, मी पैसे मागणार नाही.

‘आठ तास घराबाहेर राहावे.’ राहू. आमच्याकडे आपण बुधवार दिलाय. बुधवारी सेंट मायकल चर्चच्या नोव्हेनाला सगळं माहीम रस्त्यावर असतं, त्यामुळे ब्याऐंशी वर्षांच्या बाईला घेऊन फिरायला हा दिवस चांगला निवडलात. शीतलादेवीला जाऊन येऊ, तिथल्या मेट्रो स्टेशनच्या गारव्यात टेकू. प्रश्न जायचा नाही, महोदय. प्रश्न आहे तो जिन्यात विचारणाऱ्यांना काय सांगायचं, हा. आम्ही ‘रंगकाम’ असं ठरवलंय. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर दोनदा रंगकाम झालं होतं. भिंती होत्या तशाच आहेत.

इतकं लाजण्यासारखं त्यात काय आहे, हे मला खरोखर कळत नाही. ढेकूण गरिबी पाहत नाही, की केरकचरा पाहत नाही. त्याला माणसाच्या श्वासाची आणि अंगाच्या उबेची चाहूल लागते. अंग घासलेलं आहे की नाही, हे तो विचारत नाही. लक्ष्मी, शंकर आणि विष्णू यांनी झोपायला इतक्या गैरसोयीच्या जागा का निवडल्या, याचं कारण एका संस्कृत सुभाषितकाराने ढेकणांची धास्ती असं दिलेलं आहे. देवांना कबूल करायला संकोच वाटला नाही. 1896 मध्ये मांडवीत प्लेग निघाला तेव्हा लोक आजारी माणसं लपवत, पण त्याला कारण होतं : सरकारी पथकं माणूस उचलून नेत, सामान रस्त्यावर काढत, घरावरची कौलंसुद्धा उतरवत. ढेकणामुळे एखादा रोग पसरतो असं तर आजवर सिद्धही झालेलं नाही. तरी लपवालपवी तीच.

आणि त्याचा फायदा कुणाला होतो, ते पंचतंत्रात आहे. राजाच्या बिछान्यात मंदविसर्पिणी नावाची ऊ गुपचूप नांदत होती. तिथे अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा आला, त्याने राजाला भलत्या वेळी कडकडून चावा घेतला आणि फटीत पसार झाला. शोधाशोधीत मेली ती ऊ, म्हणजे जुनी भाडेकरू. आमच्या इमारतीत अग्निमुखाला पसार व्हायला फटी शोधाव्या लागत नाहीत. लाकडी तुळया एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलेल्या, पार्टिशन फळ्यांचं, आणि दिव्याच्या तारा अजून जुन्या लाकडी केसिंग-कॅपिंगमधून धावतात. आपण आमची खोली तापवायला लागलात की एका बाजूने उष्णता चढणार आणि दुसऱ्या बाजूने मंडळी काकांकडे स्थलांतर करणार. महिन्याभराने काकांकडे रंगकाम निघालं की परत आमच्याकडे. आपल्या हमीपत्रात तळाला, मुंगीच्या पावलांच्या अक्षरांत, ‘शेजारून झालेला पुनर्प्रादुर्भाव हमीत समाविष्ट नाही’ असं आहे. ज्याने ते कलम लिहिलं त्याने चाळ पाहिलेली आहे. पत्रक त्याच्याकडून का लिहून घेतलं नाही?

विजेचं राहिलंच. आपले हीटर एकदम सुरू झाले की आमच्या मीटररूमचं काय होईल, ते ‘बेस्ट’च्या माणसाला आधी दाखवून घ्या. इथे वरच्या मजल्यावर गीझर आणि खाली इस्त्री एकदम लागली तरी जिन्यातला दिवा डोळे मिटतो.

तेव्हा विनंती अशी की, दर एका खोलीचा न देता मजल्याचा द्यावा, जमल्यास इमारतीचा. सगळ्या खोल्या एकाच दिवशी धरा. तापमान मोजायची तार सोफ्याच्या मधोमध लावून फोटो काढू नका, ती गोधड्यांच्या गठ्ठ्यात खोल खुपसा आणि तिथे 50 दिसल्याशिवाय हीटर बंद करू नका. केसिंग-कॅपिंगसाठी वाफेचं यंत्र वेगळं आणा. दहा-पंधरा दिवसांनी परत येऊन पाहा, कारण एखादं अंडं चुकलंच असेल तर तोवर ते फुटलेलं असेल. आणि पुढच्या आवृत्तीत मुखपृष्ठावर आमच्या दिवाणाचा फोटो छापा; मी झाकण उघडून देईन.

कळावे,
आपली,
एक माहीमकर ग्राहक

ता.क. : पत्र खुलं आहे, कुठेही छापायला माझी हरकत नाही. फक्त इमारतीचं नाव आणि गल्ली गाळावी. मुलीला बघायला रविवारी पार्ल्याची मंडळी यायची आहेत, आणि त्यांना दिवाणावरच बसवावं लागणार आहे.