बंड करा, पण जुन्या चालीवर

पंक रॉकवाल्या एखाद्या बँडनं नवा अल्बम काढला, त्यात गिटार जरा मवाळ झाली, मागं सिंथेसायझर वाजला, की जुने चाहते सुतक पाळायला बसतात. म्हणे, आता पूर्वीची मजा नाही. अरे बाबांनो, हे संगीत जन्मलंच मुळी ‘पूर्वीचं’ मोडायला! तीन कॉर्ड, दोन-अडीच मिनिटांचं गाणं, आणि नीट वाजवता येत नसलं तरी वाजवाच, हा बाणा. त्यांचे चाहते मात्र सोवळ्यातल्या आजीला लाजवतील.

लंडनचा ‘द क्लॅश’ घ्या. जानेवारी 1977 मध्ये त्यांनी सीबीएस कंपनीशी करार केला आणि त्याच दिवशी पंक मेलं, असा निकाल एका पंक-पत्रिकेच्या संपादकानं देऊन टाकला. पहिला अल्बम यायचा होता एप्रिलात. म्हणजे बारशाआधीच तेरावं उरकलं. डिसेंबर 1979 मध्ये ‘लंडन कॉलिंग’ आला. रेगे, स्का, रॉकबिली, जॅझ, सगळी मिसळ. वर दोन तबकड्या एकीच्या भावात. मेलेल्याच्या मानानं बरंच केलं म्हणायचं.

आमच्या बोदवडला हा खेळ दर लग्नसराईत फुकटात पाहायला मिळतो. कपाशीचे पैसे हाती आले, तिथी निघाल्या, की वरात आली. आणि वरातीत एक काका असतातच. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात उपरणं. ऑक्टापॅडचा पहिला ठोका पडतो आणि काका सुरू होतात : ‘ह्ये काय वाजवू राह्यले, भो? बँड आमच्या टायमाचा! क्लॅरिनेटवर नागीण वाजली का मानूस धुयीत लोये.’

आता काकांची ही नागीण जरा तपासू. 1954 चा ‘नागिन’, संगीत हेमंत कुमारांचं. त्यातली गाजलेली बीन गारुड्याची नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलाइन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर वाजवली, जोडीला रवींची पेटी. क्लॅव्हिओलाइन म्हणजे सिंथेसायझरचा आजा. त्याची नक्कल क्लॅरिनेटवाल्यानं केली, आणि क्लॅरिनेटवाल्याची कॅसिओवाल्यानं. काका ज्या अस्सलपणासाठी गळा काढतात, तो मुळात प्लगमधून आलेला.

वाजवणाऱ्यांनी मात्र असलं सुतक कधी धरलं नाही. पितळी वाजा मागं पडला, बँजो पार्टी आली, मग पिकअपवर कॅसिओ आणि भोंगे चढले. नंदुरबारकडच्या आदिवासी बँडांनी तर कमाल केली. वाळक्या भोपळ्याची नि बांबूची पावरी, तिचा तो घुमणारा सूर त्यांनी कॅसिओच्या पट्ट्यांवर उतरवला आणि अख्ख्या मांडवाला रांगेत नाचवलं. आमची बोली इकडं लेवा-तावडी, वरातीतलं गाणं अहिराणी, ठेका सातपुड्याच्या पायथ्याचा. कुणी धर्म बुडाल्याची बोंब मारली नाही. सगळे घाम पुसत होते. आणि अहिराणी गाणी करणारी पोरं? ना कंपनी, ना वशिला. गावच्याच शेतात शूटिंग, गावचीच मंडळी नाचायला, गाणं थेट यूट्यूबवर. पंकवाल्यांनी जाहीरनाम्यात लिहिलं, ते यांनी जाहीरनामा न वाचताच करून दाखवलं.

माझी कुरकूर वेगळी आहे. एक गाणं चाललं की पुढची पन्नास त्याच ठेक्यावर, तोच झुमका, तीच पोर. आवाज बदलत नाही, नुसता वाढतो. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल ही कायद्याची मर्यादा. आमच्या गल्लीत ती किती पाळली जाते, ते नवरदेवाच्या घोडीला विचारा. रात्री दहाला सगळं बंद, हाही नियमच. पण दहा कुणाच्या घड्याळातले, यावर वरातीत हमखास वाद.

काकांच्या दुखण्यावर औषध आहे. घरच्या लग्नात खुशाल पितळी बँडला सुपारी द्यावी. एकदा दिलीही होती म्हणे. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ढोल, झांज मिळून डझनभर माणसं. त्यांची मजुरी, जेवण, गाडीभाडं, असा सगळा हिशेब बँडमास्तरनं समोर मांडला. काकांनी उपरणं सारखं केलं, घसा खाकरला आणि विचारलं : ‘अन् त्या पेन ड्राइव्हवाल्या पोऱ्याचे किती?’