लिमिट दहा हजार

(रंगमंचावर कापड दुकानाचा काउंटर. त्यावर लाल कापडी बांधणीची जाडजूड खतावणी आणि मोबाइल. कलाकार खिशातून पाकीट काढतो, पाकिटातून कार्ड काढतो, ते उजेडात धरून बघतो.)

काय सोलापूर, पाणी आलं का? (थांबतो) नाही ना? म्हणूनच एवढी गर्दी. ज्यांच्याकडं आज पाणी सुटलंय ते तिकीट काढूनसुद्धा आलेले नाहीत. घरी बॅरल भरलालेत.

हे बघा. क्रेडिट कार्ड. माझं. लिमिट दहा हजार. हसू नका! मागच्या रांगेतले काका, तुम्ही तर अजिबात हसू नका, तुमची उधारी कुठल्या पानावर आहे मला माहीत आहे. नवी पेठेत काउंटरवर बसतो मी.

तर विषय एवढाच: हे कार्ड ठेवायचं का बंद करायचं? आता, ठेवायचं का पाडायचं यावर वर्षानुवर्षं भांडायची आपल्याला सवय आहे. विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी आठवते ना? अर्धं गाव म्हणायचं ठेवा, अर्धं म्हणायचं पाडा. पानटपरीवर, लग्नात, मयतीत, एकच चर्चा. १५ जून २०२३ ला पाडली. खाली यायला काही सेकंद. आणि विमान कधी उडालं? जून २०२५. ते पण कुठं, गोव्याला! मुंबईचं काम असलेला माणूस विमानतळावर उभा, विमान गोव्याला. काहीजण तर बसले म्हणे. आलोच आहोत तर.

(कार्ड काउंटरवर ठेवतो.)

मुळात मला असलं कार्ड घ्यायची वेळ का आली? एका माणसामुळं. साडू.

(प्रेक्षकांतून हशा येईपर्यंत थांबतो.)

बघा, नाव पण नाही घेतलं, नुसतं नातं सांगितलं तर निम्मं थिएटर हललं. साडू पुण्यात असतो. सोलापूरचाच, पण आता म्हणतो, ‘तुमच्या सोलापुरात.’ अरे, हुतात्मा एक्स्प्रेसनं गेलास ना तू? जनरलच्या डब्यात, कडक भाकरीचं पोतं मांडीवर घेऊन? २०१९ ला ह्याला चहाची फ्रँचायझी घ्यायची होती. कर्जाला जामीन पाहिजे. बायको म्हणाली, ‘अहो, नुसती सही तर करायचीय.’ केली.

मग आलं २०२०. टाळेबंदी. सगळं बंद, चहा पण बंद. रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली, मार्चपासून ऑगस्टपर्यंत. आमच्या साडूला ती मुभा इतकी आवडली की ऑगस्ट संपला हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

आणि जामीनदाराचं काय होतं? कर्ज त्याचं, चहा त्याचा, पण खातं माझ्या क्रेडिट रिपोर्टात. त्यानं हप्ता चुकवला की शिंक मला. शेवटी बँकेशी तडजोड केली पठ्ठ्यानं, काही भरले, बाकीचे सोडून द्या म्हणाला. तो सुटला. ‘सेटल्ड’ हा शिक्का माझ्याकडं राहिला. स्कोअर ५८०.

हे मला कळलं कुठं? फ्रीजच्या दुकानात. हप्त्यावर फ्रीज घ्यायला गेलो, काउंटरवरच्या पोरानं टॅबवर बोट फिरवलं आणि मोठ्यानं म्हणाला, ‘सर, तुमचं सिबिल खराब हाय.’ असं मोठ्यानं तर डॉक्टर पण सांगत नाही! तो निदान पडदा ओढतो. आणि शेजारी कोण उभं? अण्णा.

(चष्मा नाकावर ओढतो, पोट पुढं काढतो, आवाज जाड करतो.)

“काय बे, काय खराब हाय तुझं?”

अण्णा माझे चुलते. दुकान त्यांचं, गादी त्यांची, मी नुसता काउंटर. तुम्हाला सांगतो, आपल्या देशात पत मोजणाऱ्या कंपन्या चार. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. पाचवी नवी पेठेत गादीवर मांडी घालून बसते आणि अडकित्त्यानं सुपारी कातरते.

सिबिलचा स्कोअर ३०० पासून ९०० पर्यंत. अण्णांना सांगितलं.

“३०० फुकटचे कशाला देतेत बे? काय लग्नातला आहेर हाय का? आपल्याकडं शून्यापासून सुरू.”

म्हटलं, अण्णा, १ जानेवारी २०२५ ला नवीन नियम आला, बँकांनी दर पंधरा दिवसांनी माहिती कळवायची.

“पंधरा दिवस? तोवर माणूस गाव सोडून जातो की! इथनं न देता निघाला ना, दत्त चौकात पोचायच्या आत पुढच्या चार दुकानांत कळतंय.”

खरं आहे. अण्णांची यंत्रणा जबरदस्त. गिऱ्हाईक दारात दिसलं की अण्णा पाय बघतात. चप्पल बघतात. चप्पल काढून आत आला तर लिमिट एवढी, चपलेसकट आला तर तेवढी, आणि आत यायच्या आधी शेजारच्या दुकानाकडं बघून पटकन मान फिरवली, तर रोख! ‘तिकडं देणं हाय त्याचं.’ न चुकता खरं निघतं. मशीन नाही, सर्व्हर डाउन नाही, ओटीपी नाही.

तर स्कोअर सुधारायचा कसा? बँकेतला माणूस म्हणाला, ठेवीवरचं कार्ड घ्या. बारा हजारांची मुदत ठेव ठेवा, त्यावर दहा हजारांचं कार्ड. वापरा, वेळेवर फेडा, स्कोअर वर. मी आनंदानं अण्णांना सांगायला गेलो.

“थांब. पैसे कुणाचे?” 

माझे.

“ठेवले कुणाकडं?”

बँकेकडं.

“आणि उधार कोण घेलालाय?”

मी.

“कुणाकडनं?”

बँकेकडनं.

(मोठा थांबा. अण्णा चष्मा काढतात, पुसतात, परत घालतात.)

“माझ्याकडं ठेव बारा हजार. मी पण देतो दहा हजाराची उधारी. वर चहा पाजतो.”

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? मी आजतागायत शोधतोय.

बरं, दहा हजारांच्या कार्डाची खरी गंमत पुढं आहे. दिवाळीला नऊ हजारांची खरेदी केली. बिल आलं, मुदतीच्या आत पैनपै भरलं. आणि स्कोअर खाली! का? तर म्हणे लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च असावा. दहा हजारांचे तीस टक्के, तीन हजार. मी वापरले नव्वद टक्के. कॉम्प्युटरला वाटलं, ह्याची ओढाताण चाललीय. बिल तयार होतं त्या दिवशी जी बाकी दिसते, बहुतेक वेळा तीच वर कळवली जाते. नंतर तुम्ही फेडा नाहीतर जत्रेत वाटा.

“वेळेवर देऊन पण नाव खराब?” अण्णांची सुपारी तोंडातच राहिली. “आपल्याकडं वेळेवर देणाऱ्याला मी खुर्ची देतो बे!”

उपाय सोपा निघाला. बिल तयार व्हायच्या आधीच पैसे भरून टाकायचे. तसं केलं. हळूहळू स्कोअर चढला, सातशेच्या वर गेला, दुसरं कार्ड मिळालं. लिमिट पन्नास हजार! आणि लगेच पहिल्या कार्डाची वार्षिक फी आली. ४९९ अधिक १८ टक्के जीएसटी. ५८८ रुपये ८२ पैसे.

“८२ पैसे कशाचे बे?”

अण्णा, राहू द्या.

“नाही, पण ८२ पैसे कशाचे?”

आता गणित करू. मी बोलतो, तुम्ही नुसती मान हलवा, समजलं नाही तरी चालेल, बँकेत पण आपण तेच करतो. महिन्याचा खर्च पंधरा हजार. दोन्ही कार्डं धरून लिमिट साठ हजार. म्हणजे पंचवीस टक्के. छोटं बंद केलं तर पन्नास हजारांत पंधरा, बरोबर तीस टक्के. काठावर! त्यात बायकोनं एक साडी जास्त घेतली की पलीकडं. शिवाय हे माझं सगळ्यात जुनं कार्ड. बंद केलं म्हणून त्याचा इतिहास लगेच पुसला जात नाही, रिपोर्टात वर्षानुवर्षं राहतो. पण सहा महिन्यांत घराच्या कर्जाला अर्ज टाकायचाय, आणि अशा वेळी खात्यांत खुडबूड नको.

तरी ८२ पैसे डोक्यात बसले होते. केला फोन.

(मोबाइल कानाला.)

‘कार्ड हरवलं असेल तर एक दाबा. कर्ज हवं असेल तर दोन दाबा. आणखी कर्ज हवं असेल तर तीन दाबा.’ बंद करायचा आकडा कुठं आहे? नऊ झाला, स्टार झाला, हॅश झाला. शेवटी एक बाई आल्या. म्हटलं, कार्ड बंद करायचंय.

(गोड आवाजात) “सर, आप हमारे बहुत व्हॅल्यूड कस्टमर हैं।”

कधीपासून? लिमिट वाढवा म्हणून मागं लागलो होतो तेव्हा ‘आपण पात्र नाही’ म्हणत होता. आज निघालो तर दारात रडलालाव? आमच्या आत्याची आठवण झाली. राहा म्हणत नाही, पण निघालं की दोन तास हात सोडत नाही.

मी पण तयारी करून बसलो होतो. म्हटलं, मॅडम, रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. बाकी शून्य असेल तर अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं. नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये मला द्यायचे.

आणि हे बोलता बोलता माझ्याच डोक्यात उजेड पडला. रोज पाचशे? घरी बसून? अहो, यंत्रमागावर दिवसभर उभा राहिलेला माणूस पाचशे कमवायला किती घाम गाळतो! मी फोनवर हात ठेवला आणि मनातल्या मनात सिद्धेश्वराला साकडं घातलं: देवा, बँकेला उशीर होऊ दे. ह्यांचं सर्व्हर गड्ड्याची जत्रा संपेपर्यंत बंद पडू दे. नंदीध्वजाला बाशिंग वाहतो!

(हसता हसता थांबतो. खतावणीवर हात ठेवतो.)

बाईंनी होल्डवर टाकलं आणि माझी नजर ह्या वहीवर गेली. हिच्यात एक पान आहे. गिरण्या बंद पडल्या तेव्हाचं. वरती गिरणी कामगाराचं नाव, खाली उधारी, मुलीच्या लग्नाच्या कापडाची. माणूस गेला. मग त्याची बायको यायची. विड्या वळायची. मजुरी हातात पडली की दहा रुपये, कधी पाच. अण्णा प्रत्येक वेळी लिहायचे, तारीख टाकायचे, तिला वाचून दाखवायचे. मेसेज नाही, वसुलीचा फोन नाही. शेवटचे पैसे दिले त्या दिवशी अण्णांनी पानावर आडवी रेघ मारली आणि विचारलं, ‘वहिनी, नातवाला काय देऊ?’ तिथंच नवीन उधारी लिहिली. आधीपेक्षा मोठी.

मी विचारलं होतं, अण्णा, व्याज किती लावलं?

“व्याज लावलं असतं तर तिनं कधी फेडलं असतं बे? आणि मी कधी झोपलो असतो?”

(मोबाइलमधून परत गोड आवाज. दचकतो.)

“सर, आप लाइन पर हैं? आपकी इस साल की फी हमने माफ कर दी है।”

माफ! ५८८ रुपये ८२ पैसे! नुसतं ‘निघालो’ म्हटलं म्हणून! मी गादीकडं वळून ओरडलो, अण्णा, फी माफ झाली!

“८२ पैसे पण?”

होय अण्णा, ८२ पैसे पण.

“मग ठेव.”

झाला निकाल. कार्ड ठेवलंय. फुकट असेल तर ठेवायचं. पुढच्या वर्षी फी आली आणि माफ केली नाही, आणि तोवर घराचं कर्ज मंजूर झालेलं असलं, तर बाकी शून्य करून, थकबाकी नसल्याचं पत्र घेऊन बंद. नुसतं कपाटात ठेवून पण चालत नाही. वर्षाच्या वर वापरलं नाही तर बँक कळवते, तीस दिवस वाट बघते आणि स्वतःच बंद करू शकते. म्हणून महिन्याला पाव किलो शेंगा चटणी ह्या कार्डावर. दुकानदार शिव्या देतो, पण मशीन फिरवतो.

आणि साडू? परवा विमानतळाच्या लाउंजमधनं फोटो टाकलाय. पुढ्यात तीन प्लेटा, हातात कार्ड. मी फोटो मोठा करून बघितला. कार्डावर नाव त्याचं, पण ॲड-ऑन! मूळ कार्ड माझ्या मेव्हणीचं. बिल ती भरते.

तर मंडळी, त्या चारही कंपन्यांकडनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. घरी गेल्यावर मागवा. त्यात तुम्ही न घेतलेलं चहाच्या दुकानाचं कर्ज दिसलं, तर मला फोन करा. त्याला अजून जामीन लागलालाय.

(काळोख.)