चर्चा करावी

कार्यालयप्रमुखाच्या अंगी चार गुण असावे लागतात : वक्तशीरपणा, आवाज, स्मरणशक्ती आणि निर्णयक्षमता. पहिल्या तिन्हींचे विवेचन थोडक्यात आटोपते.

वक्तशीरपणा हा हाताखालच्यांनी पाळायचा गुण आहे. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि वेळ 9:45 ते 6:15 ठरली. पैकी 9:45 ही लिपिकाने यायची वेळ, आणि 6:10 ही साहेबांनी नस्ती मागवायची. आवाज असा हवा, की टेबलावर घंटी असूनही तिची गरज पडू नये. स्मरणशक्ती निवडक असावी. कोणी किती रजा घेतल्या हे तारखेनिशी आठवावे, कोणाची मंजूर करतो म्हटले होते ते आठवू नये.

निर्णयक्षमता मात्र सविस्तर पाहावी लागते. लिपिक टिपणी लिहून ‘मान्यतेस्तव सादर’ करतो. त्यावर कच्चा अधिकारी ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ लिहितो आणि अडकतो, कारण पुढे लेखापरीक्षण असते, तक्रार असते, माहिती अधिकारात त्या पानाची प्रत निघते. मुरलेला अधिकारी समासात ‘चर्चा करावी’ एवढेच लिहून आद्याक्षरी करतो.

या दोन शब्दांची ताकद कायद्यालाही पुरून उरते. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा 2005 चा अधिनियम सांगतो, की सर्वसाधारणपणे कोणाकडेही नस्ती सात कामाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये. ‘चर्चा करावी’ लिहिलेली नस्ती पडून राहत नाही, ती खाली जाते. लिपिक ती काखेत मारून चर्चेला येतो, तेव्हा साहेब व्हीसीत असतात. दुसऱ्या दिवशी दौरा, तिसऱ्या दिवशी आढावा बैठक. नवव्या दिवशी चर्चा होते. साहेब फोनवरून नजर न काढता विचारतात, “काय आहे हे?” लिपिक म्हणतो, “साहेब, त्या शिपायाच्या विधवेचं कुटुंब निवृत्तिवेतन. सेवापुस्तकात शकुंतला आहे, आधारवर शकुंतलाबाई.” साहेब म्हणतात, “मग तपासा ना नीट.” शेरा पडतो : ‘चर्चेनुसार फेरसादर करावे.’ सात दिवसांचे घड्याळ पुन्हा शून्यावर येते. याच अधिनियमात बदलीपूर्वीचा सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा आहे, त्यामुळे एका साहेबाच्या कारकिर्दीत किती चर्चा बसतात हे शाळकरी पोरालाही काढता येईल. मग नवे साहेब येतात, नस्ती पहिल्या पानापासून वाचतात आणि लिहितात : ‘पाहिले. चर्चा करावी.’

‘बाई’ या दोन अक्षरांवर एवढे काय चर्चायचे असते? शकुंतलाबाई स्वतः बाहेरच्या बाकावर बसलेली आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत तिच्याजवळ मृत्यूचा दाखला आहे, रेशनकार्ड आहे, तिसऱ्यांदा केलेले प्रतिज्ञापत्र आहे. आत बोलावून नाव विचारले तर चर्चा अर्ध्या मिनिटात संपेल. पण तिला कोणी बोलावत नाही, कारण चर्चा तिच्याविषयी असते, तिच्याशी नसते. एसटीचे भाडे तिचे जाते, मजुरी तिची बुडते, आणि नस्तीवर लिहिलेले असते की प्रकरण विचाराधीन आहे. विचार! त्या खोलीत तीन वर्षांत कोणाला एक विचार आला असेल तर तो जेवणाच्या डब्याविषयीचा.

निर्णयक्षमतेचे मूल्यमापन निरोप समारंभात होते. शाल आणि श्रीफळ दिल्यानंतर वक्ते सांगतात, की साहेबांच्या काळात एकही चुकीचा निर्णय झाला नाही. हे विधान अभिलेखांवरून पडताळता येते.

या गुणाला अपवाद एकच. साहेबांच्या स्वतःच्या निवृत्तिवेतनाची नस्ती कित्येक महिने आधी तयार होते, नावातला काना-मात्रा जुळवून घेतला जातो आणि ती एका दमात वरपर्यंत जाऊन येते. तिच्यावर कोणालाही चर्चा करावीशी वाटत नाही.