हात जोडून शिवी

२०२४ च्या ‘बिग बॉस मराठी’चे सूत्रसंचालक लातूरचे रितेश देशमुख, म्हणजे कार्यक्रम घरचाच, अशी मराठवाड्यातल्याच हदगावकरांची समजूत. शेवटी स्पर्धेत सूरज चव्हाण आणि अभिजीत सावंत उरले आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात उभी फूट पडली. भाषा मात्र अदबीची. समोरच्या कलाकाराला ‘दादा’ म्हणायचं, त्याच्या चाहत्यांच्या सात पिढ्या उद्धरायच्या आणि खाली जोडलेले हात टाकायचे. ‘कृपया राग मानू नये, पण तुम्ही बिनडोक आहात’ हा तर त्यातला सौम्य मजकूर. सूरज जिंकला, निकाल काहींनी ‘आदरपूर्वक’ फेटाळला. ‘सभ्य भाषा वापरावी’ असा नियम लावणारा अ‍ॅडमिन मात्र सोयाबीन काढायचं निमित्त सांगून ग्रुपातून बाहेर पडला होता.